हे कोण? नाव सांगा

दुकानदार: कॅमेऱ्याच्या मेगापिक्सेलचं सोडा हो साहेब. मेगापिक्सेल म्हणजे घराच्या खोल्या. दहा असल्या म्हणून काय, राहणारी माणसं तीनच ना?

नवरा: तसं नाही. मी सगळं वाचून आलोय. विसाच्या खाली जायचंच नाही, असं जिथे तिथे लिहिलंय.

बायको: अख्खा हिवाळा वाचतायत. शाळेत एवढं वाचलं असतं तर आज हेडक्लार्कवर थांबले नसते.

नवरा: अगं, वस्तू पारखून घ्यावी.

बायको: पारखा की. नको कोण म्हणतंय? पण सकाळपासून हे चौथं दुकान. पारखताय तुम्ही आणि पाय दुखतायत माझे.

दुकानदार: ताई, ते स्टूल घ्या ओढून. हां, तेच. जरा डुगडुगतं, पण अजून कोणाला पाडलं नाही त्यानं. बोला साहेब, काढायचं काय आहे? मुलांचे वाढदिवस, सहली?

नवरा: पक्षी.

बायको: पक्षी म्हणजे कावळे. बाकीचे यांना बघून उडून जातात.

नवरा: म्हणूनच तर झूम हवा. आमच्या घरामागे तळं आहे. पहाटे बगळे येतात, नशीब असलं तर खंड्या. जवळ गेलं की संपलं. लांबून काढता यायला पाहिजे. आपण बघतोय याचा त्यांना पत्ता लागता कामा नये.

दुकानदार: मग हा बघा. याची लेन्स बदलता येते. पण पक्ष्यांची लेन्स वेगळी, आणि ती एवढी. खिसा आणि मान दोन्ही मोडणार तुमची.

नवरा: बापरे. वजन केवढं आहे.

दुकानदार: कागदावर वजन लागत नाही साहेब. गळ्यात घातल्यावर लागतं.

बायको: यांची वरच्या फळीवरचा डबा काढताना पाठ धरते. दुसरं दाखवा.

दुकानदार: हा मग. सुटसुटीत आहे, खिशात मावतो.

नवरा: याला डोळा लावायची खिडकी कुठे आहे? नाही? मग नको. उन्हात पडद्यावर काही दिसत नाही, मी वाचलंय. तो कुठला? तो काचेत ठेवलाय तो, पाठमोरा.

दुकानदार: तो होय. तो वापरलेला आहे.

नवरा: किती वापरलेला?

दुकानदार: वापरलाय बराच, पण जपून. पट्ट्याची कड तेवढी झिजलीय, बाकी ओरखडा नाही. लांबचा झूम, डोळ्याची खिडकी, वजनाला हलका. तुम्ही जे जे म्हणालात ते सगळं आहे त्यात. खोटं कशाला बोलू, या किमतीत यापेक्षा बरा मिळणार नाही.

बायको: मग इतका वेळ दाखवला का नाहीत?

दुकानदार: दोघातिघांनी हातात घेतला आणि परत ठेवला. एक बाई तर तशाच निघून गेल्या. मला वाटलं, सांगून कशाला उगाच.

बायको: खोट असणार काहीतरी.

दुकानदार: खोट नाही ताई. खोड आहे. रस्त्यावर चिटपाखरू नसतं आणि याच्या पडद्यावर चौकट येते. चेहरा सापडला की येते ना, पिवळी, तशी. येते, जरा वेळ थांबते, जाते. आता मी तोंड रस्त्याकडे करून दिवसभर चालूच ठेवतो ना तो. चालू वस्तू लवकर विकली जाते. पण संध्याकाळी कुलूप लावायच्या आधी बॅटरी काढतो. अंधारात त्याच्यासोबत एकटं राहायला नको वाटतं, खरं सांगायचं तर.

नवरा: अहो, ते तर सगळ्याच कॅमेऱ्यांचं होतं. भिंतीवरचे डाग, झाडाची साल, कशातही नाकडोळे दिसतात त्यांना. मी वाचलंय. द्या इकडे.

दुकानदार: घ्या. पट्टा मनगटाला अडकवा आधी.

नवरा: वा. हाताला काय बसतो. अगं, हे बघ, समोरच्या इमारतीवर तिसऱ्या मजल्याला एक बाई कपडे काढतेय वाळत घातलेले. चिमट्यांचे रंग दिसतायत मला. दोन निळे, एक लाल.

बायको: शोभतं का हे या वयात.

नवरा: अगं, कपडे काढतेय म्हणजे दोरीवरचे.

बायको: मला कळलं. तरी खाली घ्या तो.

नवरा: बरं, तू बघ इकडे. अशी नाही, सरळ बघ. तोंड का वाकडं करतेस?

बायको: मला नाही आवडत. माहितीये तुम्हाला. लहानपणी बाबांच्या स्टुडिओत दिवे जुळवायचे म्हटलं की मलाच बसवायचे स्टुलावर. डोळे दिपायचे नुसते. तेव्हापासून कोणी कॅमेरा धरला की माझं तोंड आपोआप असंच होतं.

नवरा: आली चौकट. डोळ्यांवर बरोबर पकडलं बघ. आणि हे खाली काय लिहून आलं? लिंबू.

बायको: काय म्हणालात?

नवरा: लिंबू. म्हणजे फळांचा वगैरे काही प्रकार निवडलेला असेल यात. चेहऱ्याला लिंबू समजतोय. तू पिवळं काही घातलेलंही नाहीस.

बायको: मस्करी करू नका.

नवरा: मी कशाला करू? हे बघ ना तूच.

बायको: तुम्हाला कोणी सांगितलं ते नाव?

नवरा: कुठलं नाव? लिंबू? नाव आहे का ते?

बायको: दादा म्हणायचा मला. स्टुलावर बसले की लिंबू चावल्यासारखं तोंड करते म्हणून. त्याच्याशिवाय कोणी म्हटलं नाही. बाबांनी सुद्धा नाही.

नवरा: तुझा दादा? मला कधी बोलली नाहीस.

बायको: नवऱ्याला सांगण्यासारखं आहे का ते? आयुष्यभर चिडवलं असतंत.

दुकानदार: एक मिनिट साहेब, माझ्याकडे द्या. असं आहे, यात चेहरे लक्षात ठेवायची सोय आहे. घरातल्या माणसांचे चेहरे आणि नावं घालून ठेवायची. मग गर्दीत उभं राहिलं तरी हा आधी आपली माणसं शोधतो. देणाऱ्यानं पुसायचे राहून गेले असतील. लोक कार्ड काढून नेतात, हे कोणाच्या ध्यानात येत नाही. माझ्याही नाही आलं.

नवरा: मग झालं तर. कोणाची तरी बायको हिच्यासारखी दिसत असेल आणि तोही तिला लिंबू म्हणत असेल. आंबट बायका काय, घरोघरी असतात.

दुकानदार: थांबा, माझ्यावर धरून बघतो. चौकट आली. नाव नाही. आपण कोणाच्या गणतीत नाही. ताई, परत बघा जरा. मान तिकडे करा. आता इकडे. स्कार्फ काढता का डोक्यावरचा?

बायको: काढला.

दुकानदार: लिंबू. प्रत्येक वेळी लिंबूच म्हणतोय.

बायको: माझा चेहरा याच्यात गेलाच कसा पण? मी कधी बसले नाही कोणापुढे. लग्नानंतर तर नाहीच.

दुकानदार: बसावं लागतंच असं नाही. याचा स्वभाव असा आहे ताई, की एकच चेहरा पुन्हा पुन्हा काढला ना, की हा आपणहून विचारतो. पडद्यावर येतं, हे कोण? नाव सांगा.

नवरा: पुन्हा पुन्हा म्हणजे?

दुकानदार: म्हणजे पुष्कळदा. सहज एकदा काढला म्हणून नाही विचारत.

नवरा: आणि झूम एवढा लांबचा.

दुकानदार: हो.

नवरा: अगं, तुझं लोकरीचं दुकान रस्त्याला लागून. दिवसभर तू काचेमागे बसलेली. समोरून कोणी काढायचं म्हटलं तर. हे बरं नाही. हा चौकीवर द्यायचा प्रकार आहे. काय हो, कोणाकडून घेतलात हा?

बायको: थांबा. आधी तुमच्यावर धरा.

नवरा: माझ्यावर कशाला?

बायको: धरा म्हणते ना मी. अहो भाऊ, तुम्ही धरा हो यांच्यावर.

दुकानदार: धरतो. साहेब, हलू नका. आलं.

नवरा: काय आलं?

दुकानदार: चष्मा.

नवरा: चष्मा आहेच माझ्या डोळ्यांवर. नाव काय आलं?

दुकानदार: तेच आलंय साहेब. नाव म्हणून. चष्मा.

बायको: दादानं तुम्हाला पहिल्यांदा पाहिलं तेव्हा आत येऊन म्हणाला होता, अगं, तो चष्मा बाहेर बसलाय, चहा देऊ का त्याला? तुम्ही मला बघायला आला होतात तेव्हा.

नवरा: मला चष्मा म्हणायचे तुमच्याकडे?

बायको: तो एकटा म्हणायचा. लग्न ठरल्यावर मी रागावले, मग नाही म्हणाला.

नवरा: हे बघ, तू डोक्यात काही घेऊ नकोस. दादा आणि डिजिटल कॅमेरा? हात लावला नसता त्यानं. ज्यात फिल्म नाही त्यात माणूस उतरत नाही, हे त्याचंच वाक्य. स्टुडिओ त्यापायी बंद पडला, तरी हटला नाही.

बायको: तुमचा फोन द्या.

नवरा: कशाला?

बायको: पोरीचा फोटो आहे ना त्यात, शाळेत जातानाचा. द्या. हा घ्या, याच्यावर धरा.

दुकानदार: फोनवरच्या फोटोवर? येईल कदाचित. जरा पडद्याचा उजेड कमी करा. आली चौकट.

बायको: वाचा.

दुकानदार: ताई, बसा तुम्ही आधी.

बायको: वाचा तुम्ही.

दुकानदार: छोटं लिंबू.

नवरा: पुरे झालं. बंद करा तो. माझी पोर आहे ती, पहिलीत जाते. कोण आहे हा माणूस? नाव, पत्ता काय दिलाय त्यानं?

दुकानदार: साहेब, आवाज चढवू नका, सांगतो. जुना माल घेताना मी ओळखपत्र मागतोच. चोरीचं नको गळ्यात. याच्याकडेही मागितलं. तर म्हणाला, माझ्या नावाचं आता काही चालत नाही. म्हटलं, का बुवा? म्हणाला, सरकारदरबारी मी नाही.

बायको: नाही म्हणजे?

दुकानदार: मी तेच विचारलं. नुसता हसला. मला वाटलं, असेल कुठून तरी आलेला, कागदपत्रांची भानगड असेल. आणि माणूस वाईट वाटला नाही. कॅमेरा काउंटरवर ठेवायच्या आधी लेन्स पुसून ठेवली त्यानं. आतून बाहेर, गोल गोल. हल्ली कोणी पुसत नाही तशी. शिकवलेला हात होता.

बायको: बाबा तशी पुसायचे.

नवरा: सगळेच तशी पुसतात.

बायको: अजून काय बोलला?

दुकानदार: फार नाही. घरी कोणकोण, म्हणून विचारलं मी, आपलं बोलायचं म्हणून. तर म्हणाला, घरच्यांनी मला भिंतीवर लावलंय. मी म्हटलं, वा, कौतुक आहे. मला वाटलं, काहीतरी बक्षीस घेतानाचा फोटो असेल.

नवरा: अरे देवा.

बायको: दिवाणखान्याच्या खिडकीतून दिसतो तो फोटो. बाबांच्या शेजारचा. रस्त्यावरून दिसतो. मी तुम्हाला म्हटलं होतं, आतल्या खोलीत लावू.

नवरा: अगं, तू ऐक माझं. आठ वर्षं झाली त्याला. पोरगी झालीही नव्हती आपल्याला. हा कॅमेरा, अहो, हे मॉडेल बाजारात कधी आलं?

दुकानदार: चारेक वर्षं झाली असतील. पाच म्हणा.

नवरा: ऐकलंस? हा कॅमेरा जन्माला यायच्या आधी दादा गेला. हे सगळं कोणीतरी मुद्दाम करतंय. तुमच्या स्टुडिओतला एखादा जुना नोकर असेल, त्याला असतील नावं ठाऊक.

बायको: तुम्ही बघितला होतात ना त्याला?

नवरा: कोणाला?

बायको: दादाला. नदीवरून आणला तेव्हा. मला शवागाराबाहेरच्या बाकावर बसवलंत आणि म्हणालात, तू नको येऊस, मी बघून येतो. गेलात. आलात. मान हलवलीत. मी काही विचारलं नाही तेव्हा.

नवरा: हा विषय इथे, परक्या माणसापुढे काढायचा का?

दुकानदार: मी आत जाऊन बसतो हवं तर.

बायको: तुम्ही कुठेही जाऊ नका. काय बघितलंत तुम्ही आत?

नवरा: त्याला बघितलं.

बायको: चेहरा?

नवरा: अगं, किती दिवस पाण्यात होता. चेहरा म्हणावा असं काही राहिलं नव्हतं. तुला ते सांगायचं नव्हतं मला. म्हणून तर तुला नेलं नाही. चांगल्यासाठीच केलं मी.

बायको: मग ओळखलंत कशावरून?

नवरा: स्वेटरवरून. तू विणलेला. राखाडी. डाव्या बाहीला एक टाका सुटला होता तुझा, तू म्हणाली होतीस ना, उसवून परत घालते, आणि तो म्हणाला राहू दे. तो टाका तसाच होता तिथे. मी बोट लावून बघितलं.

बायको: म्हणजे तुम्ही स्वेटर ओळखलात.

नवरा: तुझ्या हातचा स्वेटर होता तो. दुसरा कोण घालणार?

बायको: दादा थंडीत कुडकुडणाऱ्या माणसाला अंगातलं काढून द्यायचा. बाबांचा कोट दिला होता एकदा, तुमच्यासमोर. केवढे ओरडले होते बाबा. तुम्हीच मध्ये पडलात.

नवरा: मला तेव्हा नाही सुचलं ते. समोर जे होतं ते बघून कोणाला काय सुचणार? त्या लोकांनी विचारलं, हाच का? मी हो म्हटलं. मला लवकर बाहेर यायचं होतं, एवढंच.

बायको: आणि मी एका परक्या माणसासाठी रडले.

नवरा: असं नको ना बोलू.

दुकानदार: ताई, पाणी घ्या.

बायको: नको. त्या यादीत अजून कोणी आहे का? चेहऱ्यांच्या?

दुकानदार: बघतो. मेन्यूत असतं ते. लिंबू, छोटं लिंबू, चष्मा. आणि हा एक चौथा आहे.

बायको: नाव?

दुकानदार: मी.

नवरा: तुम्ही?

दुकानदार: माझं नाही हो. तिथे लिहिलंय तसं. नाव म्हणून 'मी' घातलंय. त्याचा स्वतःचा असणार. रस्त्यावर कोणी नसताना जी चौकट येते म्हटलं ना, तिच्याखालीही हेच येतं. इतके दिवस मला वाटायचं, कॅमेरा स्वतःबद्दल बोलतोय. म्हणून जास्त भ्यायचो.

बायको: चेहरा दिसतो का त्याचा?

दुकानदार: नखाएवढा दिसतो. घ्या. काचेतलं प्रतिबिंब काढलंय बहुतेक. मागे रंगीबेरंगी गुंडे दिसतायत.

बायको: लोकरीचे आहेत. माझी काच आहे ही. सकाळची, उघडायच्या आधीची.

नवरा: दाखव बघू. हा दादा नाही. हा तर म्हातारा आहे. दाढी बघ केवढी. दादाला दाढी कधी नव्हती.

बायको: तुम्हाला काय कळणार? यात स्वेटर दिसत नाहीये.

नवरा: बोल, बोल. काय बोलायचं ते बोल मला. पण तुला तरी कळतंय का? सांग ना. तूच सांग, हा दादा आहे?

बायको: नाही सांगता येत. इतका छोटा आहे. डोळे त्याचे वाटतात. मग वाटतं, मला हवेत म्हणून वाटतायत.

नवरा: मग झालं तर. अहो, हे चेहरे पुसायचे कसे? पुसून टाका, मी कॅमेरा घेतो. म्हणाल त्या किमतीला घेतो. नाहीतर इथेच फोडा, पैसे देतो. पण हे पुसा.

दुकानदार: पुसता येतात. एक बटण आहे. पण गेले की गेले, परत येत नाहीत.

नवरा: तेच हवंय. द्या इकडे, मी करतो. कुठलं? हे? विचारतोय बघ, सगळे चेहरे पुसायचे? हो, नाही.

बायको: हात काढा.

नवरा: अगं, तुझ्या जिवाला घोर लागेल. रात्रंदिवस खिडकीकडे बघत बसशील. मी ओळखतो तुला.

बायको: तुमच्या ओळखण्याचं आता नका सांगू मला. हात काढा म्हणते.

नवरा: घे. घे बाई. मी काय शत्रू आहे का तुझा?

बायको: नाही आहात. तुम्ही मला जपलंत. त्यातूनच तर झालं हे सगळं.

दुकानदार: एक राहिलं सांगायचं. आता आठवतंय म्हणून सांगतो, राग मानू नका. कॅमेरा देताना तो म्हणाला होता, काचेत ठेवा, तोंड रस्त्याकडे करून. आणि म्हणाला, एक गृहस्थ येतील, चष्मेवाले, पक्ष्यांचे फोटो काढणारे. पहाटे तळ्यावर मोबाइल घेऊन बसतात, पण त्यांना लांबचं दिसत नाही. त्यांना दाखवा. आता चष्मेवाले आणि पक्षीवाले म्हणजे माझी निम्मी गिऱ्हाइकं. मी कुठे लक्षात ठेवतो.

नवरा: तळ्यावर? तळ्यावर तर पहाटे मी एकटाच असतो.

दुकानदार: तसं तुम्हाला वाटतं साहेब. पक्ष्यांनाही तसंच वाटत असेल.

बायको: त्याला दार वाजवायला कधी जमलं नाही. लहानपणी भांडून बाहेर गेला की खिडकीशी येऊन उभा राहायचा. मी बघेपर्यंत. काचही वाजवायचा नाही. किती वेळ उभा असायचा, कोणाला माहीत.

नवरा: परत आला का तो, कॅमेरा दिल्यानंतर? पैसे घ्यायला वगैरे?

दुकानदार: पैसे घेतलेच नाहीत. विकला गेला की येईन म्हणाला. आत नाही आला परत. पण चौकट येते ना ती, ती साधारण याच वेळेला. दिवे लागायच्या आधी.

नवरा: अहो, तुम्ही कशाला आगीत तेल ओतताय? दिवे लावा आधी. कोण आहे बाहेर? कोणी नाही. बसथांबा आहे, शेड आहे, रिकामी.

बायको: सरका जरा.

नवरा: काय करतेस?

बायको: जिथे होता तिथे धरतेय. काचेजवळ. तोंड रस्त्याकडे करून.

दुकानदार: ताई, झूमचं बटण उजव्या बोटाशी आहे. वरचं.

बायको: माहितीये मला. स्टुडिओत वाढलेय मी.

नवरा: दिसतंय का काही?

बायको: शेड. बाक. खांब. चौकट आली.

नवरा: कशावर?

बायको: खांबाच्या मागे. गेली. परत आली.

नवरा: काचेत आपलीच सावली पडली असेल. मी उभा आहे ना मागे, माझी असेल.

बायको: तुमची असती तर चष्मा आलं असतं.

नवरा: मग काय आलंय?

बायको: मी.

दुकानदार: मला तर नुसत्या डोळ्यांनी खांबच दिसतोय.

बायको: थांबा, जवळ घेते. दाढी आहे. पांढरी झालीय. एवढ्या गारठ्यात अंगात नुसता शर्ट. स्वेटर नाही.

नवरा: तोंडातून वाफ येतेय का त्याच्या? बोलताना येते ना आपल्या, तशी? अगं, नीट बघ, वाफ दिसतेय का?

बायको: माझ्याच श्वासाची वाफ धरलीय काचेवर. दिसत नाही नीट.

नवरा: आण इकडे. तू बस स्टुलावर. मी बघून येतो.

बायको: नको. मागच्या वेळीही तुम्हीच बघून आला होतात.